भरल्या पानावरून

दूध उतू जायच्या आत मालनबाईंचा व्हिडिओ तयार व्हायचा. गॅसवर पातेलं ठेवायचं, फोन तोंडाजवळ धरायचा आणि सांगायचं, "तांबडं फुटलंय, गाय हाय, वासरू हाय, एक बाई तुळशीला पाणी घालतीय, आन् खाली सुलाबाईचं नाव." दुधाच्या कडेला बुडबुडे धरेपर्यंत फोनमध्ये गाय हंबरायची. सकाळी असा व्हिडिओ एकमेकींना पाठवायचा, हा हिंगणमाळच्या यच्चयावत बायकांचा रोजचा उद्योग होता. पूर्वी फुलांची चित्रं फिरायची, आता ज्याचा त्याचा सिनेमा. सुलाबाईनं मोर नाचवला की मालनबाईंना दुसऱ्या दिवशी हत्ती आणावाच लागे.

चार वर्षांपूर्वी असला एक हत्ती चालवायला गोदामभर यंत्रं लागायची आणि ती गार ठेवायला नदीचं पाणी. आता बाजारातल्या सगळ्यांत स्वस्त फोनवर, नेट नसतानाही, हत्ती सोंड हलवत होता. ही करामत ज्या पाच-सहा जणांनी केली त्यातली एक मालनबाईंची लेक काजल. पुण्यात एका कंपनीत होती. गावाला तिचा केवढा अभिमान. तिला गावाबद्दल काय वाटतं, हे मात्र कोणी विचारायच्या भानगडीत पडलं नव्हतं.

शनिवारी सकाळी काजल एसटीतून उतरली, पाय धुतले आणि चहाला हात लावायच्या आधी म्हणाली, "आई, आप्पांचा फोन कुठाय?"

"माझ्याजवळच हाय की. त्याच्यावरच तर करती सगळं." मालनबाईंनी पदराला फोन पुसला. "उद्या नानासाहेबांच्या सत्काराला तुला बोलवलंय म्हणं. कमिटीची माणसं दोनदा येऊन गेली. जाणार हाईस?"

"जाणार. तूपण चल. पुढच्या रांगेत बस."

मालनबाई लेकीच्या तोंडाकडं बघत राहिल्या. चौदा वर्षांत ह्या पोरीनं नानासाहेब थोरवड्यांच्या उंबऱ्याकडं मान वळवून बघितलं नव्हतं. रस्त्यात दिसले तर ती दुसऱ्या बोळात शिरायची. आणि आता सत्काराला जाणार म्हणते. "काय डोक्यात हाय तुझ्या?" त्यांनी विचारलं. काजलनं फोन घेतला, व्हिडिओंच्या यादीत खाली खाली गेली आणि एका जागी थांबली. चैत्र, जत्रेची तारीख. पहिलं चित्र होतं पंगतीचं, लांबलचक ओळ, आणि कोपऱ्यात हिरवी खूण. तिनं तो उघडला नाही. फोन उशीखाली ठेवला आणि मग चहा प्यायली.

चौदा वर्षांत तिनं तो व्हिडिओ एकदाच बघितला होता. पुन्हा बघायची छाती झाली नव्हती.

त्यात काय होतं ते सांगायलाच पाहिजे. काजलचे वडील, तिचे आप्पा, म्हणजे तातोबा आचारी. पंचक्रोशीत कोणाकडं लग्न निघालं की आधी तातोबांची तारीख घ्यायची, मग भटजींची. त्या साली जत्रेच्या महाप्रसादाला माणूस तीन दिवस चुलवणापुढं उभा होता. गव्हाची खीर, आमटी, भात, वांग्याची भाजी. दुपारी मानकऱ्यांची ओळ बसली, चाळीस पानं. त्या ओळीत कोणी बसायचं हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण गावात शेंबड्या पोरालाही पाठ होतं. एक मानकरी आलाच नाही. त्याचं पान वाढून तयार. आणि वाढलेलं पान मोकळं ठेवायचं नाही, हा तातोबांचा जन्माचा नेम. अन्नाचा अपमान होतो म्हणायचे. ते पानाकडं बघत घुटमळले, तेव्हा शेजारी बसलेला त्यांचा जिवलग मित्र जोतीराम म्हणाला, "बस की तातोबा. तीन दिवस पोटात काय न्हाई तुझ्या."

बसले बिचारे. दोन घास घेतले असतील. तेवढ्यात उत्सव कमिटीचे अध्यक्ष नानासाहेब आले. वाकले, तातोबांच्या काखेत हात घातला आणि म्हणाले, "आचाऱ्यानं चुलीपाशी खायचं. ऊठ. आन् तुझं पान तू घेऊन जा." माणसाला भरल्या पानावरून उठवू नये म्हणतात, वैऱ्यालाही नाही. तातोबा उठले. दोन्ही हातांत पत्रावळ धरून, कोपरावरून आमटी गळतीय, असे चारशे माणसांसमोरून चालत गेले. कोणी हूं का चूं केलं नाही. जोतीराम खाली मान घालून जेवत राहिला.

सोळा वर्षांची काजल आप्पांच्या फोनवर पंगतीचा व्हिडिओ काढत होती. फोन तिनं खाली घेतला नाही.

तातोबांनी त्यानंतर झारा हातात धरला नाही. पिठाच्या गिरणीत कामाला लागले. कुणाच्या लग्नात गेले तर मांडवाबाहेर उभं राहून चहा घ्यायचे आणि परत फिरायचे. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत असताना नर्सनं जेवणाचं ताट आणलं, तर त्यांनी काजलला हळूच विचारलं, "हे माझंच हाय न्हवं?" त्या दिवशी काजलनं ठरवलं. नानासाहेबांना ती कोर्टात खेचणार नव्हती, दगड मारणार नव्हती. ते सगळ्यांत उंच खुर्चीवर बसलेले असतील, गळ्यात हार असेल, तेव्हा तो व्हिडिओ ती गावासमोर लावणार होती. तिला सूड पाहिजे होता, आणि हे स्वतःशी कबूल करायला तिला कधी लाज वाटली नाही.

गंमत अशी, की तिचं सगळं शास्त्र आप्पांच्याच स्वयंपाकातून आलं होतं. यंत्र व्हिडिओ कसा काढायचं? पाटीभर खडूची भुकटी पसरायची आणि पुसत पुसत त्यातून चित्र वर आणायचं. एका चित्राला पन्नास वेळा पुसायचं, आणि एका सेकंदात अशी चोवीस चित्रं. फोनची काय बिशाद. काजलच्या गटानं पन्नास वेळा पुसायचं ते चार वेळांवर आणलं. जे हलत नाही ते पुन्हा काढायचं नाही, एवढं फोनला शिकवलं. तरी जुने फोन तापायचे. तेव्हा तिला आप्पांचं वाटण आठवलं. पाचशे पानांचं लग्न असलं की कांदा-खोबऱ्याचं वाटण आदल्या दिवशी एकदाच व्हायचं. त्यातूनच आमटी, त्यातूनच वांगं, त्यातूनच मटकी. तसंच जगातल्या लाखो व्हिडिओंत जे नेहमीचं असतं, मांडव, गर्दी, हसणारी तोंडं, ते एकदाच वाटून फोनमध्ये ठेवायचं. मग ज्याच्या त्याच्या व्हिडिओत वेगळं काय तेवढंच वरून घालायचं. ऑफिसातली तेलुगू पोरंसुद्धा त्याला वाटणच म्हणायला लागली.

त्याच्यापुढची पायरी म्हणजे 'जागा'. शब्दांवरून व्हिडिओ काढता येतो, तर मग व्हिडिओ साठवायचा कशाला? फोन जुना व्हिडिओ बघतो, त्याचं चार ओळींत वर्णन लिहितो, तोंडं आणि आवाज चिमूटभर जपून ठेवतो, पहिलं चित्र तसंच ठेवतो आणि बाकी फेकून देतो. तुम्ही उघडलात की वर्णनावरून पुन्हा काढून दाखवतो. शंभर व्हिडिओ एका चिठ्ठीच्या जागेत. भरलेल्या फोनला हे म्हणजे अमृत.

आता हिरव्या खुणेचं. कोणीही काहीही व्हिडिओ काढायला लागल्यावर लोकांचा कशावर विश्वास राहिना. तेव्हा नियम झाला, की ज्या फोनवर चित्रीकरण झालं त्याच फोनमधून दाखवायचं, आणि फोननं कोपऱ्यात हिरवी खूण दिली तरच ते खरं. कोर्टात तेच, पंचायतीत तेच. म्हणून तर काजलला आप्पांचाच फोन पाहिजे होता. पण 'जागा'मधून पुन्हा काढलेल्या व्हिडिओला खूण द्यायची का? कंपनीत ह्यावर तीन बैठका झाल्या. एकजण म्हणत होता, देऊ नका. काजलनं त्याला गप्प केलं. "चित्रीकरण त्याच फोनचं, आठवण त्याच माणसाची. खूण काढून घेतली तर लोक घाबरतील, कोणी 'जागा' वापरणार नाही." तिचं म्हणणं मान्य झालं. बटणावरचं मराठी वाक्यही तिनंच लिहिलं. आप्पांच्या फोनवर हे चालू शकतं, हे तिला माहीत होतं. पण बटण दाबल्याशिवाय काही होत नाही, आणि आई कशाला दाबेल, असं तिनं धरून चाललं.

रविवारी अकरा वाजता मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. नानासाहेबांना पंचाहत्तरी लागली होती आणि त्यांच्या 'एक गाव, एक पंगत' ह्या उपक्रमाला बक्षीस मिळालं होतं. वर्षातून एकदा सगळं गाव एका ओळीत जेवायला बसवतात म्हणून. काजलनं व्यासपीठामागची उपक्रमाची पाटी वाचली आणि तिचे दात एकमेकांवर घासले. बाराव्या मिनिटाला तिचं नाव पुकारलं. "आपल्या गावची लेक, पुण्याच्या मोठ्या कंपनीतल्या शास्त्रज्ञ."

तिनं माईक घेतला. "मी भाषण करणार नाही. दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवते. माझ्या वडिलांच्या फोनमधला आहे, ह्याच गावात, ह्याच जत्रेत काढलेला. कोपऱ्यातली हिरवी खूण सगळ्यांनी नीट बघून घ्या, म्हणजे नंतर कोणी खोटा म्हणायला नको." मग ती नानासाहेबांकडं वळली. "नानासाहेब, तुम्हीपण बघा."

पडद्यावर पंगत आली. ऊन, मांडव, चाळीस पानं, आणि हिरवी खूण. तातोबा पानावर बसलेले. काजलनं पडद्याकडं पाठ केली. तिला नानासाहेबांचं तोंड बघायचं होतं. दोन वर्षं ती ह्या तोंडासाठी थांबली होती.

नानासाहेबांच्या तोंडावरचा रंग आधी उडाला. मग तो हळूहळू परत आला. मग ते हसले. सभागृहातून "वा, वा" असा आवाज उठला आणि मागच्या बाजूला टाळ्या सुरू झाल्या.

काजल गर्रकन वळली. पडद्यावर नानासाहेब वाकले होते. त्यांच्या हातात जिलबी होती. तातोबा हात आडवा धरून नको नको म्हणत होते, आणि नानासाहेब लाडीगोडीनं, त्यांच्या खऱ्याखुऱ्या आवाजात म्हणत होते, "घे रे तातोबा, माझ्यासाठी एक घे." त्यांनी स्वतःच्या हातानं जिलबी भरवली. तातोबा तोंड भरून हसले. आजूबाजूचे मानकरी हसले. जोतीरामनं त्यांच्या पाठीवर थाप मारली.

काजलनं फोनवर व्हिडिओचा कोपरा दाबला. तिथं तिनंच बसवलेली माहितीची खिडकी होती, आणि खिडकीत वर्णन होतं. 'जत्रेची पंगत, दुपार. पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ जेवणाऱ्या माणसाजवळ येतात, वाकतात, त्याला धरून काही बोलतात. माणूस हात हलवतो. लोक बघतात.' एवढंच. चूक एका शब्दाचीही नव्हती. पुढचं वाटणानं केलं. लाखो पंगतींच्या व्हिडिओत यजमान पाहुण्याजवळ वाकतो तो आग्रह करायलाच. भरल्या पानावरून माणसाला उठवताना व्हिडिओ कोण काढतं? वाटणात ते नव्हतंच. म्हणून फोननं जे नेहमी होतं ते घातलं, आणि वर खूण मारून दिली.

नानासाहेबांनी डोळे पुसले आणि दुसरा माईक मागून घेतला. "लेकरानं आज मला रडवलं. मला आठवतंय हे. जिलबी गरम होती. तातोबा म्हणजे लाजाळू माणूस, मागून घेणार नाही, म्हणून मीच भरवली." त्यांना खरंच तसं आठवत होतं की काय देव जाणे. माणूस मुरलेला होता, आणि पडदाही समोर होता.

पुढच्या रांगेतून मालनबाई उठल्या. त्यांना माईक नको होता. "जिलबी नव्हती त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "खीर होती. माझ्या मालकांनी रांधली होती. तुम्ही त्यांच्या काखेत हात घालून उठवलासा. पत्रावळ हातात घेऊन गेलं ते."

मग कमिटीचा एकजण समजुतीच्या सुरात म्हणाला, "काकू, वयानं होतंय असं. व्हिडिओत हाय की समोर. हिरवी खूण हाय."

"मी तिथं होते रे मुडद्या."

"व्हिडिओपण तिथलाच हाय न्हवं काकू?"

लोक हसले. वाईट हसले नाहीत, म्हातारीला सांभाळून घ्यावं तसं हसले, आणि काजलला ते जास्त झोंबलं. मालनबाई तिच्याकडं वळल्या. "फोन भरला होता गं. सुलाबाईला हत्ती जाईना. त्यानं विचारलं जागा करू का, मी 'व्हय' दाबलं. खाली लिहिलं होतं, तुमच्या आठवणी तशाच राहतील. म्हटलं, राहतात तर करूदे."

ते वाक्य काजलचं होतं. शब्दन् शब्द तिचा.

ती व्यासपीठावर उभी होती आणि तिच्यासमोर दोन वाटा होत्या. गप्प बसली असती तर टाळ्या मिळाल्या असत्या, शाल मिळाली असती, सोमवारी ऑफिसला गेली असती. आणि आप्पा कायमचे त्या माणसाच्या हातून जिलबी खात राहिले असते. हा विचार तिला सहन होईना. दुसरी वाट म्हणजे सहा वर्षांच्या कामावर स्वतःच्या हातानं रॉकेल ओतायचं. समोर निम्म्या लोकांनी फोन वर धरलेले. ती जे बोलेल ते संध्याकाळपर्यंत पुण्यात पोचणार होतं.

"ही खूण खोटं बोलते," ती म्हणाली. "मी सांगते, कारण ती मीच द्यायला लावली. हा व्हिडिओ त्या दिवशीचा नाही. खरा होता तो फोननं फेकून दिला आणि चार ओळींवरून हा नवीन काढला. तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये हेच झालंय. तुमची लग्नं, बारशी, गेलेली माणसं. 'जागा' दाबलं असेल तर जे दिसतंय ते नेहमी जसं असतं तसं दिसतंय. तुमच्याकडं जसं घडलं तसं नाही."

आता मात्र कोणी हसलं नाही. कोणी आपला फोन उलटा करून बघितला, जणू मागं काही लिहिलेलं असेल. एका बाईनं हातातला फोन छातीशी धरला. तिचा पोरगा गेल्या साली गेला होता.

नानासाहेब शांत होते. त्यांनी हार नीट केला आणि अगदी मायेनं विचारलं, "काजल, बाळ, खुणेवर विश्वास ठेवू नका म्हणतीस. बरं, न्हाई ठेवत. म्हणजे मी जिलबी भरवली ह्याला पुरावा न्हाई. मग मी तुझ्या बापाला उठवलं, ह्याला तरी कुठं हाय?"

काजलला वाटलं, आपण ह्या माणसाचा गळा धरावा. खरंच वाटलं. चौदा वर्षं जपलेलं शस्त्र तिनंच घडवलेल्या यंत्रानं वितळवून त्याच्या गळ्यात हार म्हणून घातलं होतं. तिनं सभागृहावरून नजर फिरवली. चवरीचे मानकरी, पालखीचे मानकरी. त्या ओळीतली वीस-बावीस माणसं तरी आज समोर बसलेली होती. त्या दिवशी त्यांनी खाली बघितलं होतं. इतकी वर्षं तिला एकाच माणसाचा सूड घ्यायचा होता. ही बाकीची तिच्या हिशेबात कधी आलीच नव्हती.

ती व्यासपीठावरून खाली उतरली. तिसऱ्या रांगेत जोतीराम बसले होते, फेटा मांडीवर घेऊन. सत्तरी ओलांडलेली, हातात काठी. आप्पांच्या मातीला हा माणूस सगळ्यांत मागं उभा होता आणि एक शब्द न बोलता निघून गेला होता. काजलनं माईक त्यांच्यासमोर धरला.

"जोतीराममामा, तुम्ही आप्पांच्या शेजारच्या पानावर होता. तुम्हीच त्यांना बस म्हणालात. मी अवघड काय विचारत नाही. कोणी उठवलं, का उठवलं, तेही नको. एवढंच सांगा, त्या दिवशी जिलबी होती का?"

जोतीरामांचं तोंड उघडलं. पडद्यावर व्हिडिओ संपून पुन्हा सुरू झाला होता. तातोबा हसत होते, आणि खुद्द जोतीराम, चौदा वर्षांनी तरुण, त्यांच्या पाठीवर थाप मारत होते. म्हाताऱ्याची नजर तिकडं गेली आणि तिथंच अडकली. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. किती चांगला दिसत होता तो जोतीराम.

"मामा, पडद्याकडं नका बघू," काजल म्हणाली. "माझ्याकडं बघा. जिलबी होती का?"